सगुणदादांची लाल रेकॉर्ड

सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आमच्या वाड्यावर येतो तेव्हा बायका पिशवी पुढे करतात, पाव घेतात आणि आत जातात. सगुणदादांचं तसं नव्हतं. ते पोदेराला अंगणात थांबवत, टोपलीतला एक उंडो, म्हणजे गोल पाव, उचलत, दाबून बघत, हुंगत, पुन्हा दाबत आणि विचारत, "कालचो मरे हो?"

पोदेर म्हातारा झाला, त्याच्या जागी त्याचा मुलगा यायला लागला, तरी प्रश्न तोच. मुलगा बिचारा रडकुंडीला येई, हात लावून तर बघा म्हणे. "दादा, हात लावन पळय. गरम आसा न्हू!"

"गरम करपाक कितें जाता? कालचो परत भट्टेंत घालो, जालो गरम."

एवढं होऊन उंडे घ्यायचे राहिले असं कधी झालं नाही. रोज घेत, चवीने खात आणि आपण काल भाजलेला पाव खातो आहोत अशी पक्की खात्री बाळगत.

मी त्यांची शेजारीण. डिचोलीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून आमचं सगळं कोरगाव मला टीचर म्हणतं, आणि सगुणदादा माझ्यापेक्षा चांगले मोठे असूनही मला 'अहोजाहो' करत. ते डिचोलीच्याच बाजूला एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेस्त्री होते. सकाळची बस आमची एकच. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे बसत, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवता येते. त्यांच्या खिशात पांढरा रुमाल असे, रोज धुतलेला. डंपरच्या इंजिनाचं तेल पांढऱ्या कापडावर घासून त्यात लोखंडाचा कीस दिसतो का ते बघायचं, ही वर्कशॉपची पद्धत. दादांनी ती पद्धत घरी आणली. तिखट आणलं की चिमूटभर रुमालावर. हळद आणली की रुमालावर. सुमतीवहिनींना म्हापशाला साडी घेऊन दिली तेव्हा दुकानातच पाणी मागून पदराचं टोक भिजवलं आणि रुमालात पिळलं. वहिनी त्यानंतर साड्या माझ्याबरोबर घ्यायला लागल्या.

"बरें दिसता म्हणजे कितें तरी आसा," हे त्यांचं वाक्य. आंबा बरा दिसला तरी, पुढारी हसून बोलला तरी, आणि एकदा माझा रक्तदाब बरोबर आला तेव्हासुद्धा. मला डॉक्टर बदलायला लावला त्यांनी. आणि मी बदलला, हे आणखी विशेष. संशय हा सर्दीसारखा असतो, शेजारी राहिलं की लागतोच.

असा हा माणूस जगात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवत होता, आणि ती गोष्ट कोणाला सांगितली तर पटायची नाही. सगुणदादांना हेवी मेटल आवडायचं. कानाला गिरणीचा पट्टा तुटल्यासारखं वाटणारं ते विलायती संगीत, ढोल, किंकाळ्या आणि तारांचा खणखणाट. आमच्या भागातल्या माणसाने फार तर नाट्यगीत ऐकावं, भजनाला टाळ धरावा, दशावताराला जागावं. हे कुठून आलं?

आलं हरमलहून. खाणीत लागण्याआधी दादा हरमलला एका गॅरेजवर होते. तिथे गोरे लोक मोटरसायकली घेऊन येत. त्यातल्या कोणाची तरी गाडी त्यांनी खोलून, धुऊन, पुन्हा जोडून दिली, आणि तो परत जाताना आपली रेकॉर्ड यांच्या हातात ठेवून गेला. कव्हरवर एक पोलादी बैल आणि त्याच्यामागे पेटलेली भट्टी. बँडमध्ये चौघे जण. दादा त्यांना 'म्हजे चवगे' म्हणत. पुढे त्यांनी एक मोडका रेकॉर्ड प्लेयर मिळवून दुरुस्त केला, किनाऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या शॅकचे भलेमोठे स्पीकर आणले, आणि रविवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते चौघे माझ्या घरात शिरायला लागले. मी नारळ खवायचे तेव्हा ते ओरडायचे. मला त्या भाषेत काय म्हणतात ते कळत नव्हतं, पण कुठल्या ओळीला कोण किंचाळतो ते पाठ झालं होतं.

एकदा मी न राहवून विचारलं, "दादा, तुमचा देवावर सुद्धा पुरता विश्वास नाही. या लोकांवर कसा?"

त्यांनी माझ्याकडे मूर्ख मुलीकडे बघावं तसं बघितलं. "टीचर, फट मारपी मनीस हळू उलयता. कानाकडेन येवन. तुमी पळयलां मरे? इतलें व्हडल्यान कोणूच फट मारना."

खोटं बोलणारा कानाशी कुजबुजतो, एवढ्या मोठ्याने कोणी खोटं बोलत नाही, हा त्यांचा सिद्धांत.

ती रेकॉर्ड गेली एका श्रावणात. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यापासून देव्हाऱ्यातल्या पोथीपर्यंत सगळ्यावर पांढरी बुरशी धरते, आणि श्रावणात ऊन पडलं की घरातली बाई सगळं उचलून अंगणात मांडते. ऊन दाखवणं म्हणतो आम्ही त्याला. सुमतीवहिनींनी गाद्या घातल्या, उशा घातल्या, लोकरीची शाल घातली, आणि रेकॉर्डवरही बुरशी दिसली म्हणून कव्हरातून काढून चटईवर पापडांच्या शेजारी तिलाही ठेवली. दादा कामावरून आले तेव्हा उन्हाने वाकून रेकॉर्डचा वाडगा झाला होता.

मी कुंपणाशी उभी होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, वाडगा दोन्ही हातांत धरला, आणि मान वर करून वहिनींकडे बघितलं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक प्रश्न बसला. चुकून घातली की मुद्दाम? वहिनींना तो आवाज सहन होत नव्हता हे गावाला माहीत होतं. पण पापडांबरोबर घातली म्हणजे चुकूनच, असं मी म्हणायचे. "तेंच तर," दादा म्हणत. "पापडां बरोबर घातल्यार कोणाक दुबाव येवचो ना." वहिनी हा दुबाव, म्हणजे संशय, हसून सोडून देत, पण मला एकदा म्हणाल्या होत्या, "ह्यांका म्हजेर दुबाव घेवंक मेळ्ळो ना तर दीस वचना गो."

मग खाणी बंद झाल्या, वर्कशॉपला कुलूप लागलं, दादा घरी बसले. संशयाला दिवसभराची फुरसत मिळाली.

आता दीपालीचं सांगते. त्यांची एकुलती एक मुलगी. औषधांचं शिकली आणि डिचोलीला एका औषधांच्या दुकानात लागली. चेहरा वहिनींचा, हट्ट दादांचा. तिला तिथे नितेश भेटला. त्याचे वडील दोडामार्गकडचे, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले ते डिचोलीतच राहिले. आता नितेशचा स्वतःचा टेम्पो होता, दुकानांचा माल पोचवायचा. दीपालीने आधी मला सांगितलं, मग आईला, आणि बाबांना सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघींनी मिळून दोन आठवडे चर्चा केली. शेवटी ठरलं की त्यानेच यावं, मामाला घेऊन, रीतसर.

तो आला. सरळ चेहऱ्याचा, जरा जास्तच तेल लावलेला मुलगा. मिठाईऐवजी त्याच्या हातात एक चौकोनी, चपटं पार्सल होतं. मी कौतुकाने बघायला गेले होते, चहा द्यायच्या निमित्ताने.

"काका, तुमच्यासाठी," तो म्हणाला. "दीपालीने सांगितलं होतं, तुमची खराब झाली म्हणून."

दादांनी कागद काढला. आत तोच पोलादी बैल, तीच भट्टी. वर चकचकीत प्लास्टिक, त्यावर सोनेरी स्टिकर, मोजक्याच प्रती काढल्याचं सांगणारा. त्यांनी बैलावरून अंगठा फिरवला, मी बघितलं. पण कव्हरातून रेकॉर्ड बाहेर आली आणि हात थांबला. रेकॉर्ड लाल होती. रतांब्याच्या रसासारखी लाल, आरपार दिसणारी, मधून काळ्या धुरासारख्या रेघा.

"ही तांबडी," दादा म्हणाले.

"कलरमध्ये येतात आता, काका. खास लोकांसाठी."

"रेकॉर्ड काळी आसता."

आणि खिशातून पांढरा रुमाल निघाला. दीपालीने डोळे मिटून घेतले. दादांनी रेकॉर्डच्या कडेला रुमाल घासला, उजेडात धरला. रंग लागला नव्हता. मग थुंकी लावून घासला. तरी लागला नाही. मग रेकॉर्ड उचलून दाराकडे धरली आणि तिच्यातून समोर बसलेल्या नितेशकडे बघत राहिले. तो बिचारा लाल होऊन बसला होता, रेकॉर्डमधूनही आणि रेकॉर्डशिवायही. मामा घसा खाकरून म्हणाला, "तर मग मुलांचं..." दादांनी ऐकलं नाही.

पाहुणे गेल्यावर वहिनींनी विचारलं, "कसो दिसलो?"

"बरो दिसलो," दादा म्हणाले. आमचा सगळ्यांचा धीर खचला.

त्यांनी ती रेकॉर्ड कपाटावर ठेवली आणि वाजवली नाही. दीपाली म्हणाली, निदान ऐका तरी. पण त्यांचा हिशेब सरळ होता. एकदा वाजवली म्हणजे घेतली. घेतली म्हणजे मुलगी दिली. त्याआधी चौकशी हवी. म्हज्या मनातलें ताका कळ्ळें कशें? इतली जुनी वस्तू ताका मेळ्ळी खंय? मुलीला मागायला येणारा माणूस बापाला लाच घेऊन येतो, तर पुढे काय काय करील?

चौकशीला त्यांनी मला नेलं, कारण एकट्या पुरुषाने तासन्‌तास बसलं तर लोकांना संशय येतो. हे वाक्य सगुणदादांचं. आम्ही सकाळच्या बसने डिचोलीला गेलो आणि जिथे टेम्पो उभे राहतात त्याच्या समोरच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव घेऊन बसलो. दादांनी पाव दाबला, नेमाप्रमाणे. मी वर्तमानपत्र आडवं धरलं होतं. आयुष्यात मी इतकी शरमले नाही. माझेच माजी विद्यार्थी समोरून 'टीचर, हांगा कितें?' म्हणत जात होते.

नितेश टेम्पो पुसत होता. तेवढ्यात एक जण आला आणि त्याचा जॅक मागून घेऊन गेला. मग दुसरा आला, त्याने स्टेपनीचं चाक नेलं. एक म्हातारी आली, नितेशने तिची पिशवी टेम्पोत ठेवली आणि तिला पुढे बसवलं. जॅक नेणारा परत आला नाही. नितेश बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला आणि मग स्वतःशीच हसून कोणाला तरी फोन लावायला लागला, बहुधा दुसरा जॅक मागायला. आणि तेवढ्यात त्याची नजर आमच्याकडे गेली. हात वर करून हसला, आत आला नाही, पण जाताना हॉटेलवाल्याला सांगून आमच्यासाठी चहा पाठवला.

"पळयलें?" दादा म्हणाले.

"काय पळयलें? गुणी मुलगा आहे."

"इतलो बरो कोण आसता, टीचर? आमी बसल्यांत म्हण ताका आदींच कळ्ळां. दाखयता आमकां."

"आणि जॅक? तो पण दाखवायला दिला?"

"जॅक नेलो तो ताचोच मनीस आसतलो." चहाकडे ते बघत राहिले, गार होईपर्यंत. मग मी माझा आणि त्यांचा, दोन्ही प्याले.

यापुढचं मात्र मला अजून हसू आणि राग एकदमच आणतं. आमच्याकडे लग्नाचं, घराचं, जमिनीचं काही ठरत नसेल तर देवाला विचारतात. ग्रामदेवतेच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादा देवळात कौल घ्यायला जाणार हे कळलं तेव्हा दीपालीला बरंच वाटलं. देव माझ्या बाजूचा आहे, म्हणाली.

आम्ही सगळे गेलो. दादांनी आधी गाभाऱ्याबाहेरचा पंखा बंद करायला लावला, वाऱ्याने पाकळी पडू नये म्हणून. मग भटजींना मूर्तीपासून दोन पावलं मागे उभं केलं, श्वासाने पडू नये म्हणून. भटजी सरळ माणूस, ऐकलं त्यांनी. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि दादांना म्हणाले, "सांग, कितें विचारूं?"

दादा हात जोडून म्हणाले, "त्या भुरग्यान हाडिल्ली रेकॉर्ड खरी काय खोटी?"

दीपालीने आईकडे बघितलं.

"अरे, चेडवाच्या लग्नाचें विचार मरे," भटजी म्हणाले.

"आदीं हें. हें कळ्ळें म्हणजे तें कळ्ळें."

"बरें. पूण देवाक खरी काय खोटी अशें विचारूं नजो. एकच विचार. खरी आसा काय? नाजाल्यार, खोटी आसा काय?"

दुसरा कोणीही 'खरी आसा काय' विचारता. सगुणदादांनी विचार केला आणि म्हणाले, "खोटी आसा काय?"

भटजींनी गाऱ्हाणं घातलं. आम्ही थांबलो. घामाच्या धारा लागल्या, पंखा बंद होता. शेवटी डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

"न्हय म्हणटा देव," भटजी आनंदाने म्हणाले. "खोटी न्हय."

सगुणदादांनी नमस्कार केला, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "खोटी न्हय म्हणलां. खरी म्हणून सांगूंक ना."

दीपाली बाहेर आली, चपला घातल्या आणि आमच्या कोणासाठी न थांबता चालू लागली. मी तिला वाटेत गाठलं. रडत होती. "टीचर, बाबा देवाकडे रेकॉर्डसाठी गेले. माझ्यासाठी नाही गेले. मला एकदा तरी विचारलं त्यांनी, तुला तो आवडतो का म्हणून? माझ्यापेक्षा त्या भुतासारख्या आवाजाची काळजी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणत होती ते खरं होतं. मला त्या क्षणी दादांचा संताप आला. एवढ्या वर्षांत इतका कधी आला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तिने पहिली सही केली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, आमच्याकडे लग्न मंडपात होण्याआधी रजिस्ट्रारच्या कचेरीत होतं. मुलगा-मुलगी जाऊन पहिली सही करतात, नावं फळ्यावर लागतात, कोणाला आक्षेप असेल तर त्याने तेवढ्या मुदतीत घालायचा, आणि मुदत संपली की साक्षीदारांसमोर दुसरी सही. दीपालीने लपवलं नाही. संध्याकाळी घरी येऊन वडिलांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सही करून आयलां. तुमकां आक्षेप घालपाचो आसत तर घालात. पूण मागीर हांव ह्या घरांत परत येवचें ना." आणि त्या दिवसापासून तिने बापाशी बोलणं सोडलं.

दादा दुसऱ्या दिवशी पेडण्याला जाऊन फळ्यावरची नावं बघून आले. तिथून परत येताना ते माझ्या अंगणात थांबले. चेहरा उतरलेला. "टीचर, आयतारा येयात. रेकॉर्ड लायतां. तुमी साक्षीदार. खोटी निपजली तर आक्षेप घालतां. जो मनीस पयल्याच दिसा खोटें हाडटा, ताका चेडूं दिवंक जावचें ना."

"आणि खरी निघाली तर?"

"मागीर पळोवंया," म्हणाले.

रविवारी वहिनी मुद्दाम देवळात गेल्या होत्या, दीपाली खोलीत दार लावून. मी जाऊन बसले. दादांनी रेकॉर्ड काढली, पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली. एक ओरखडा नव्हता. नवी कोरी, पाण्यासारखी स्वच्छ. सुई टेकवली. ते चौघे पुन्हा त्या खोलीत आले आणि ओरडायला लागले, आणि खरं सांगते, मला चक्क भरून आलं. दादांचा पाय ताल धरत होता. मला वाटलं, सुटलो.

मग एक 'टक्' ऐकू आली. थोड्या वेळाने आणखी एक. मग खरखर, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. दादांनी सुई उचलली, फुंकली, रेकॉर्ड पुसली, पुन्हा लावली. टक्, त्याच जागी.

सुई उचलून ते खाली वाकून रेकॉर्डकडे बघत राहिले. "हांगा ओरखडो ना," म्हणाले. "पूण ओरखड्याचो आवाज आसा. कळ्ळें तुमकां, टीचर? कोणे तरी आपली जुनी, झिजिल्ली रेकॉर्ड लायली, तिचो आवाज धरलो आनी हे तांबडे बशयेर घालो. कव्हर छापलें, स्टिकर लायलो. खोटी."

मी दीपालीच्या बंद दाराकडे बघितलं. झालं, म्हटलं, बिचारीचं संपलं. आणि मग मला जे माहीत होतं ते मी बोलले, कारण गप्प बसणं शक्यच नव्हतं. "दादा, त्याला यातलं काही कळत नाही हो. टेम्पोत तो भजनं लावतो. फोनवर जाहिरात बघितली आणि मागवली. दोन महिने वाट बघितली त्याने. रोज दीपालीला विचारायचा, काकांना आवडेल ना?"

"दुकान खंयचें तें बी विचारूंक ना?"

"नाही."

"उकती करून पळयली बी ना?"

"तुमच्यासाठीची वस्तू, आधी आपण कशी उघडायची म्हणाला."

रेकॉर्ड नुसतीच फिरत होती, सुईशिवाय. दादा तिच्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी व्हायला लागलं. आधी मला वाटलं चक्कर येते आहे. पण ते हसत होते.

"जॅक," ते म्हणाले.

"काय?"

"तो जॅक. परत मेळूंक ना आसतलो ताका." आणि मोठ्याने हसायला लागले. "अहो टीचर, हो भुरगो कोणाकय पातयेता! जॅक दिता, चाक दिता, फोनार कोण कितें सांगता तें घेता. ह्याका कोणूय फसयता. जो इतलो सवाय फसता तो म्हज्या चेडवाक कसो फसयतलो? तितली अक्कल खंयची हाडपाची ताणें?"

जो कोणावरही विश्वास ठेवून इतक्या स्वस्तात फसतो, तो माझ्या मुलीला काय फसवणार, असा हा हिशेब. जन्मभर हा माणूस खोटं शोधत होता. ते त्याच्या हाती लागलं, आणि त्याच खोट्या वस्तूने समोरचा माणूस खरा ठरवला. मग ते गंभीर झाले आणि आवाज खाली आणला, इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "हें कोणाक सांगू नाकात. सुमतीक ना, चेडवाक ना. ताका तर मुळींच ना. ताका वायट दिसतलें."

उठून त्यांनी दीपालीच्या दारावर थाप मारली. "बाय," ते दाराशी म्हणाले, "तुका आवडटा मगो तो?"

आतून कडी वाजली. मी उठून घरी आले. पुढचं त्या दोघांचं होतं.

दुसऱ्या सहीला साक्षीदार म्हणून सगुणदादा स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून. कचेरीतल्या बाकावर नितेश त्यांच्या शेजारी अंग चोरून बसला होता. शेवटी त्याने धीर केला. "काका, वाजवून बघितली का?"

"पळयली."

"बरी आहे ना? म्हणजे... खरी?"

वहिनी, दीपाली, मी, सगळ्यांचे कान तिकडे. सगुणदादांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधीही न ऐकलेला शब्द त्यांनी उच्चारला. "अस्सल," म्हणाले, आणि सही केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण नितेश तो नितेशच. त्याला वाटलं सासऱ्यांचा जीव त्या रेकॉर्डमध्ये आहे. दर रविवारी दोघं यायची आणि आल्या आल्या तो म्हणायचा, "बाबा, लावूया ना आपली रेकॉर्ड?" एकदा ऐकता ऐकता त्याने मान वर केली, "हे टक् करून काय वाजलं?" दादांना तेव्हा खोकला आला. मोठा, छातीतून. पुढच्या रविवारी बरोबर त्याच जागी पुन्हा आला. मग माझ्या लक्षात आलं. त्यांना प्रत्येक 'टक्' कुठे आहे ते पाठ झालं होतं, आणि ती यायच्या नेमक्या क्षणी ते खोकत. खरखरीच्या जागी खुर्ची ओढत. मी समोर असले की माझ्याकडे बघत नसत, कारण बघितलं असतं तर मी हसले असते. नितेश म्हणायचा, "बाबा, खाणीची धूळ आहे ती छातीत, डॉक्टरला दाखवा." दादा म्हणत, "डॉक्टराचेर कोण पातयेता?"

धूळ खरीच होती. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती धूळ खरोखर बोलायला लागली. शेवटी शेवटी ते खाटेवरच असत, बोलणं मोजकं, श्वास जड. त्यांचं खोकणं ऐकून वहिनी पदराने डोळे पुसत. मला मात्र कित्येकदा कळायचं नाही, यातला कुठला खोकला रोगाचा आणि कुठला प्रेमाचा.

मी त्यांना शेवटचं बघितलं तो रविवारच होता. मी पेज घेऊन गेले होते. नितेश खाटेच्या पायथ्याशी बसला होता आणि आवाज अगदी लहान करून त्याने रेकॉर्ड लावली होती. दादांचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सुरू झालं. त्या गाण्यात सगळ्यांत मोठी 'टक्' आहे, मलाही आता पाठ होती. दादा हलत नव्हते. मी घाबरून जोरात खोकले, ठसका लागल्यासारखी.

"थांबा टीचर, पाणी आणतो," म्हणून नितेश उठला आणि आत गेला.

दादांनी एक डोळा उघडला. "पयलींच खोकल्यात," ते पुटपुटले, म्हणजे मी घाई केली.

आणि थोडं थांबून, टक् आली तेव्हा, ते स्वतः खोकले. नितेश अजून आतच होता. खोलीत ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.